दुसऱ्या सिझरनंतर पोट खूप सुटलंय, टमी टक (सुटलेलं पोट आवळायचं ऑपरेशन) करावं म्हणतेय, आधी काय काय माहीत असायला हवं?

लोकमान्यनगरची_लेक

नमस्कार सगळ्यांना, पोरं आत्ता झोपलीत म्हणून लिहायला बसलेय, काही राहिलं तर विचारा. मी इंदूरचीच, वय ३४, मुलगी ६ वर्षांची आणि मुलगा २० महिन्यांचा, दोन्ही सिझर. उंची ५ फूट २ इंच, वजन ६३, लग्नात ५६ होतं, म्हणजे वजन तसं फार वाढलेलं नाहीये पण पोट काही केल्या जागेवर येत नाही. टाक्यांवर कातडीची घडी लोंबते, उन्हाळ्यात त्या घडीत घाम साचून लालेलाल होतं, रोज रात्री पुसून कोरडं करून पावडर लावते तरी यंदा मे महिन्यात दोनदा स्किनच्या डॉक्टरांकडे जावं लागलं. झोपून उठायला लागले की पोटाच्या मधोमध उभा फुगवटा येतो, आत कणीस ठेवल्यासारखा. बेंबी आधी आत होती ती आता बाहेर आलीय, खोकलं की अजून फुगते. कंबर रोज दुखते, धाकट्याला कडेवर घेतलं की जास्तच.

चैत्रातल्या हळदीकुंकवाला एका काकूंनी ओटी भरता भरता विचारलं, कितवा लागला गं? बाजूला आठ-दहा जणी बसलेल्या. मी काहीच बोलले नाही, हातातला पन्ह्याचा पेला तसाच घेऊन आतल्या खोलीत गेले. त्या दिवसापासून ओढणी पोटावरून घेतल्याशिवाय मी घराबाहेर पडलेले नाही.

सासूबाई म्हणतात बाळंतपणात पोट घट्ट बांधलं नाहीस म्हणून सुटलं. आई म्हणते दोन लेकरांची आई झालीस, आता कशाला चिरफाड. हे म्हणतात तुला हवं तर कर, पण त्यांना भूल वगैरेची भीती वाटते आणि खरं सांगू तर मलाही वाटते. एका क्लिनिकमध्ये जाऊन आले. तिथे पाऊण तासातला अर्धा तास एक मुलगी फोटो दाखवत होती आणि या महिन्यात बुक केलं तर सूट आहे असं दोनदा सांगितलं, डॉक्टर पाच मिनिटं भेटले, त्यांनी मला झोपवून पोट तपासलंसुद्धा नाही. बाहेर आल्यावर मला रडू आलं, का ते सांगता येणार नाही.

तर ज्यांनी केलंय किंवा ज्यांना माहिती आहे त्यांनी कृपया सांगा. किती दिवस पडून राहावं लागतं, धाकटा रात्री अजून अंगावर पितो तर चालेल का, पोराला किती दिवस उचलता येणार नाही, व्यायामाने होण्यासारखं आहे का, आणि इथे इंदूरला करावं की मुंबईला, माझी बहीण तिथे असते. ह्यांची ड्यूटी पिथमपूरला आहे, शिफ्ट असते, म्हणजे दिवसा घरी मी आणि सासूबाई.

स्नेहलतागंज_वहिनी

अगं तुझं वाचताना वाटलं मीच लिहिलंय हे. मी केलंय, येत्या डिसेंबरात २ वर्षं होतील. तेव्हा मी ३७ ची, दोन मुलं, धाकटी साडेतीन वर्षांची. जरा लांबलचक होईल पण सगळं सांगते, कारण मला तेव्हा कुणी सांगणारं नव्हतं.

आधी हे मनात पक्कं कर की हे मोठं ऑपरेशन आहे. टक म्हटलं की ब्लाउजला टक्स घालतात तसं काहीतरी छोटंसं वाटतं, तसं ते अजिबात नाहीये. या कमरेच्या हाडापासून त्या हाडापर्यंत खाली आडवी चीर असते, चड्डीत झाकली जाईल अशी. तिथून पोटाची कातडी वर बरगड्यांपर्यंत सुटी करतात, मधले फाकलेले स्नायू टाके घालून जवळ आणतात, मग कातडी खाली ओढून जास्तीची कापून टाकतात. बेंबी आपल्या जागी देठावर तशीच राहते, वरून खाली आलेल्या कातडीत तिच्यासाठी नवीन भोक पाडतात. माझं साडेतीन तास चाललं, पूर्ण भूल देऊन. मिनी टमी टक म्हणून एक असतं, त्यात बेंबीच्या खालचंच करतात आणि बेंबी हलवत नाहीत. मला आधी तेच हवं होतं कारण लहान आणि स्वस्त, पण सर्जननी मला झोपवलं, डोकं उचलायला लावलं, बोटं घालून तपासलं आणि सांगितलं तुमचं बेंबीच्या वरपासून फाकलंय, मिनीने तुमचं काम होणार नाही. तुझं ते कणीस वाचून मला तेच आठवलं.

सिझरचा जुना व्रण बहुतेक त्या कापलेल्या कातडीबरोबरच जातो. बेंबीच्या खालचे स्ट्रेच मार्क्स पण जातात. वरचे मात्र राहतात, ते फक्त थोडे खाली सरकतात. आणि वजन कमी करायचं हे ऑपरेशन नाही, माझं दीड किलोसुद्धा कमी झालं नाही.

दोन रात्री हॉस्पिटलात होते. पहिल्याच संध्याकाळी धरून उभं केलं. पोटातून दोन नळ्या बाहेर काढलेल्या असतात, टोकाला प्लास्टिकचा फुगा, त्यात पाणीमिश्रित रक्त साचतं. ते रोज ठरल्या वेळी मापात ओतून लिहून ठेवायचं. मुलीच्या जुन्या वहीत मी आणि ह्यांनी रकाने आखले होते, डावी, उजवी. पहिल्या दिवशी ७० आणि ५५ मिली होतं. चोवीस तासांत ३० च्या खाली आल्याशिवाय नळी काढायची नाही असं त्यांचं होतं. एक नवव्या दिवशी निघाली, दुसरी अकराव्या. त्या वहीतला आकडा खाली यायची आम्ही इतकी वाट बघायचो की ज्या दिवशी २८ आलं त्या दिवशी ह्यांनी छप्पन दुकानवरून शिकंजी आणली होती.

पहिले दहा दिवस मी पार कमरेत वाकून चालायचे, पलंगापासून बाथरूमपर्यंत भिंतीला हात लावत. सरळ उभं राहायचंच नसतं तेव्हा, टाक्यांवर ताण येतो. झोपताना पाठ उंच आणि गुडघ्यांखाली उशी लागते, आमच्या साध्या पलंगावर ते काही जमेना म्हणून मी बाबांच्या आरामखुर्चीत झोपले बारा रात्री. तशी काहीतरी सोय आधीच बघून ठेव.

आणि ठसका! चौथ्या दिवशी आईने वरणाला हिंग-लाल मिरचीची फोडणी दिली आणि मला जो ठसका लागला त्याने डोळ्यांपुढे अंधारी आली गं. खोकताना, शिंकताना, हसताना उशी पोटाशी घट्ट धरायची असं सिस्टरनी बजावलं होतं पण उशी नेमकी पलीकडच्या खोलीत. नंतर पंधरा दिवस आई दार लावून फोडणी करायची आणि उशी माझ्या मांडीवरून हलली नाही. दुखण्याच्या गोळ्यांनी पोट पण साफ होत नाही, आणि कुंथायचं तर नसतं, म्हणून इसबगोल, पाणी, पपई पहिल्या दिवसापासून.

पोटावर घट्ट पट्टा रात्रंदिवस ६ आठवडे होता. म्हणून सांगते, थंडीत कर. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये चाळिशी पार होते, त्यात तो पट्टा घालून तू राहू शकणार नाहीस, आणि घामाने टाक्यांपाशी त्रास होईल तो वेगळा.

६ आठवडे ४-५ किलोच्या वर काही उचलायचं नाही, म्हणजे पाण्याची बादली नाही, गव्हाचा डबा नाही, पोर तर नाहीच. माझ्यासाठी सगळ्यात अवघड हेच गेलं. धाकटी पलंगापाशी येऊन दोन्ही हात वर करायची आणि मी नुसती बघत राहायचे. दुसऱ्या आठवड्यात मी खूप रडले, अंगावर सूज, पोट निळंजांभळं, आरशात बघवेना, वाटलं कुठून ही बुद्धी झाली. नंतर कळलं बऱ्याच जणींना तेव्हा असं होतं आणि ते जातं. माझं गेलं.

बेंबीखालचा भाग जवळजवळ आठ महिने बधिर होता, परकराची नाडी बांधलेली कळायची नाही. त्या काळात गरम पाण्याची पिशवी पोटावर ठेवू नकोस कधीच, भाजलेलं समजत नाही. सूज संध्याकाळी जास्त, तिसऱ्या महिन्यापर्यंत होतीच. व्रण आधी लालभडक होता, वर्षभराने तपकिरी रेघ झाली, मी सिलिकॉनचं जेल दोन वेळा न चुकता लावलं. आज विचारशील तर घडी नाही, लाली नाही, कंबर पुष्कळ बरी आहे. पण मी करू शकले कारण माझी आई दीड महिना येऊन राहिली. तुझ्याकडे कोण आहे ते आधी ठरव, तारीख नंतर.

फिजिओ_सुदामानगर

मी फिजिओथेरपिस्ट आहे, बाळंतपणानंतरच्या बायका रोज बघते. तुमचं जे उभं फुगवट्याचं वर्णन आहे त्याला डायस्टॅसिस रेक्टाय म्हणतात. पोटावर समोर दोन उभे स्नायू असतात, मधे पांढरट पडदा असतो तो जोडतो त्यांना, गरोदरपणात तो ताणून पातळ होतो. घरी बघायचं असेल तर पाठीवर झोपा, गुडघे वाकवा, डोकं आणि खांदे जरासे उचला आणि बेंबीच्या वर, बेंबीवर, खाली अशी बोटं आडवी ठेवून बघा किती बोटं आत जातात. साधारण २ सेंटीमीटरपेक्षा जास्त अंतर असेल तर फाक आहे असं धरतात. रुंदीइतकंच हेही महत्त्वाचं की बोट खोल जातं का, खाली कडक लागतं का मऊ.

हे इतकं कॉमन आहे की बायकांनी स्वतःला दोष द्यायचं काहीच कारण नाही. नॉर्वेमध्ये ३०० पहिलटकरणींना बाळंतपणानंतर वर्षभर तपासत राहिले, तो अभ्यास २०१६ मध्ये छापून आला, त्यात ६ आठवड्यांनी ६० टक्के बायकांना फाक होती, ६ महिन्यांनी ४५ टक्के आणि वर्षाने सुद्धा ३३ टक्के. त्यातल्या बहुतेकींची कमी होती, पण होती. म्हणजे आपोआप बरंच भरून येतं पण सगळ्यांचं येत नाही. सासूबाईंना सांगा की पोट बांधल्याने कमरेला आधार मिळतो, बरं वाटतं, पण त्याने फाक मिटते असं नाही, त्यामुळे न बांधल्याने सुटलं असंही नाही.

व्यायामाने काय होईल आणि काय नाही ते स्पष्ट सांगते. आतला आडवा स्नायू आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू यांना ताकद आली की कंबरदुखी कमी होते, खोकताना लघवी सुटत असेल तर ती कमी होते, फाक थोडी कमी होऊ शकते. लोंबणारी कातडी कुठल्याही व्यायामाने जात नाही. म्हणून जो कोणी व्यायामानेच सगळं जाईल म्हणतो किंवा जो व्यायामाचा काही उपयोग नाही म्हणतो, दोघांचंही ऐकू नका. किमान ३-४ महिने नीट करा, ऑपरेशन करायचं ठरलं तरी ते वाया जात नाही, नंतर उठायबसायला तेच कामी येतं.

आत्ता लगेच बंद करायच्या गोष्टी, क्रंचेस, दोन्ही पाय एकदम वर उचलणं, नौकासन. यूट्यूबवर बघून पोट कमी करायला बायका नेमकं हेच करतात आणि तो कणसासारखा फुगवटा वाढवून घेतात. ज्या हालचालीत तो दिसतो ती हालचाल तुमच्यासाठी नाही. अंथरुणातून उठताना सरळ उठू नका, आधी कुशीवर वळा, हाताने रेटा द्या, मग उठा. पोराला उचलताना श्वास सोडत, ओटीपोट आत घेत उचला. पाहिजे तर मी रोजचे ४ प्रकार लिहून देते.

सिस्टर_काकू

बाळा, मी ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये ३१ वर्षं काढलीत, आता रिटायर आहे. सगळ्यात आधी तुझ्या बेंबीचं बोलते. आधी आत होती, आता बाहेर आलीय आणि खोकल्यावर फुगते म्हणतेस, तर हर्निया आहे का ते तपासून घे. जनरल सर्जनला दाखव, सोनोग्राफी सांगतील. घाबरायचं नाही, लहान असेल तर टमी टकमध्येच तो दुरुस्त करता येतो, फक्त ते सर्जनला आधी माहीत हवं कारण बेंबीला रक्त कुठून मिळणार याचा विचार करूनच हात घालावा लागतो. पण कधी ती गाठ कडक झाली, दुखायला लागली, आत जाईना आणि उलट्या होऊ लागल्या तर रात्र असो की सण असो, तडक इमर्जन्सीत जायचं.

अंगावर पाजणं चालू असताना हे ऑपरेशन करू नये. दूध बंद झाल्यावर ३ ते ६ महिने थांबायला सांगतात, शरीर जागेवर यायला वेळ लागतो. वजन पण ६ महिने एका जागी असलं पाहिजे, कमी करायचं असेल तर ते आधी. आणि अजून मूल हवं असेल तर आत्ता करू नकोस. नंतर दिवस राहिले तर बाळाला त्याने धोका नसतो, पण केलेलं सगळं परत ताणलं जातं, पैसा आणि त्रास दोन्ही पाण्यात.

डॉक्टरांपासून काहीही लपवायचं नाही हे मी हात जोडून सांगते. गर्भनिरोधक गोळ्या घेत असशील तर सांग, त्यातल्या काहींनी रक्ताच्या गाठीचा धोका वाढतो म्हणून महिनाभर आधी बंद करायला सांगतात. अॅस्पिरिन, आयुर्वेदिक काढे, लसणाच्या कॅप्सूल, तेही सांग, कशाकशाने रक्त जास्त वाहतं. तंबाखू, मिश्री, गुटखा, सिगरेट कुठल्याही रूपात असेल तर किमान ४ आठवडे आधी पूर्ण बंद आणि नंतरही. बायका मिश्रीला व्यसन धरतच नाहीत, विचारलं तर नाही म्हणतात. पण निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आवळतात आणि ओढून शिवलेली कातडी रक्ताविना काळी पडते. हिमोग्लोबिन बघून घे, दोन सिझरनंतर बऱ्याच जणींचं कमी असतं, ते आधी भरून काढायचं. शुगर पण.

रक्ताची गाठ ही या ऑपरेशनमधली खरी भीती. पायात होते आणि तिथून फुप्फुसात जाऊ शकते. म्हणून त्याच दिवशी चालवतात, पायाला घट्ट मोजे घालतात, कुणाकुणाला इंजेक्शन देतात. घरी गेल्यावरही दर तासा-दोन तासांनी चार पावलं चालायचं, दुखतंय म्हणून पडून राहायचं नाही. एकाच पायाची पोटरी सुजली, दुखली, किंवा दम लागला, छातीत दुखलं तर उद्यावर टाकायचं नाही.

आणि मुंबईचं म्हणशील तर मी इथेच कर म्हणेन. नळ्या निघाल्यावरही कातडीखाली पाणी साचतं, त्याला सिरोमा म्हणतात, यात सगळ्यात जास्त होणारा त्रास तोच. सुईने काढावं लागतं, कधी दोन-तीनदा. बहिणीकडे महिनाभर राहणार असशील तर गोष्ट वेगळी, नाहीतर आठ दिवसांत एवढा प्रवास बसून करायचा आणि इथे कुणी दुसऱ्याचं काम हातात घ्यायला तयार नाही, असं मी बघितलंय.

जेलरोड_आत्या

माझ्या मावसबहिणीचं सांगते, मन घट्ट करून वाच, तुला घाबरवायला नाही लिहीत. तिने एका ठिकाणी पॅकेज घेतलं, पोट, कंबरेची लायपो (चरबी ओढून काढतात ते) आणि वर छातीचं, सगळं एकाच वेळी. दुसऱ्या शहरातलं आहे, नाव नाही लिहीत. सहा तास ऑपरेशन चाललं. आठव्या दिवशी चिरेच्या मधोमध, बेंबी आणि टाक्यांच्या मधे, कातडी आधी जांभळी आणि मग काळी पडली, तळहाताएवढी. ती फोन करत राहिली, तिकडून क्रीम लावा, क्रीम लावा. शेवटी इथे दुसऱ्या प्लास्टिक सर्जनने मेलेली कातडी काढून दोन महिने ड्रेसिंग केलं. मी तिला दर तिसऱ्या दिवशी स्कूटीवर न्यायचे, ती मागे उशी धरून बसायची. आता बरी आहे पण व्रण रुंद राहिला.

नंतर आम्ही बघितलं तर करणारा प्लास्टिक सर्जन नव्हताच! पाटीवर कॉस्मेटिक एवढंच. म्हणून नावापुढे एमसीएच किंवा डीएनबी, प्लास्टिक सर्जरी असं आहे का बघ. एमबीबीएस, मग एमएस, मग तीन वर्षं वेगळं शिकून ते मिळतं. आपल्याकडे भोपाळच्या मध्य प्रदेश मेडिकल कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर असतो, आणि नॅशनल मेडिकल कमिशनच्या साइटवर इंडियन मेडिकल रजिस्टरमध्ये नाव टाकून बघता येतं. तोंडावर विचार, भूल कोण देणार, ते पूर्ण वेळ तिथेच असणार का, आयसीयू आहे का, रात्री काही झालं तर फोन कोण उचलणार. ज्याला हे प्रश्न आवडत नाहीत त्याच्याकडे जाऊच नकोस. आणि सूट देऊन घाईने बुक करायला लावणाऱ्या त्या मुलीला परत फोन करू नकोस, तुझ्या डोळ्यांत पाणी आलं ते उगाच नाही आलं.

पलासिया_क्लेम

मी इन्शुरन्सचं काम करतो, फक्त पैशाचं सांगतो. कॉस्मेटिक सर्जरी मेडिक्लेममध्ये बसत नाही, सगळ्या कंपन्यांच्या पॉलिसीत तो अपवाद लिहिलेलाच असतो, तेव्हा कुणी करून देतो म्हटलं तर विश्वास ठेवू नका आणि खोटे कागद तर अजिबात करू नका, पुढचे खरे क्लेमही अडकतात. हर्निया निघाला तर तेवढ्या दुरुस्तीचा क्लेम होऊ शकतो, पण बऱ्याच पॉलिसीत हर्नियाला २ वर्षांचं वेटिंग असतं आणि बिलं वेगळी लागतात, म्हणून ऑपरेशनच्या आधी कंपनीकडून लेखी घ्या. अजून एक, साध्या इलाजाला जीएसटीची सूट आहे, कॉस्मेटिकला नाही, तो वर लागतो. सर्जन, भूल, ओटी, खोली, औषधं, पट्टा, तपासण्या, आणि परत ओटीत न्यावं लागलं तर त्याचे पैसे कोण देणार, हे सगळं एका कागदावर मागून घ्या.

नारायणबाग_७८

मी नाही केलं, माझंही सांगते. दोन सर्जनना दाखवलं, दोघांनी नीट तपासलं, दोघांनी हो म्हटलं. पण माझी फाक दीड बोटाची होती, कातडी थोडी सैल, त्रास असा काही नव्हता. मला नीट विचार केल्यावर जाणवलं की मला ते लोकांच्या बोलण्यामुळे हवं होतं आणि त्यासाठी मला ओटीत जायचं नव्हतं. तुझं तसं नाही, तुला कातडीचा आणि कमरेचा खरा त्रास आहे, त्यामुळे माझ्यासारखं करच असं मी म्हणणार नाही. पण त्या हळदीकुंकवाच्या काकूंना मनातून काढून बघ, मग उरतं ते किती आहे ते बघ.

लोकमान्यनगरची_लेक

तीन आठवड्यांनी लिहितेय, सगळ्यांची खूप आभारी आहे, प्रत्येक उत्तर ह्यांनाही वाचून दाखवलं. सिस्टर काकू, तुमचं खरं निघालं, हर्निया आहे. सोनोग्राफीत १ सेंटीमीटरचं भोक आहे आणि स्नायूंची फाक बेंबीपाशी ४ सेंटीमीटर. जनरल सर्जन म्हणाले घाई नाही, पण लक्ष ठेवा. मग एका प्लास्टिक सर्जनला दाखवलं, रजिस्टरमध्ये नाव बघून गेले. त्यांनी झोपवून, उभं करून, वाकायला लावून पंधरा मिनिटं तपासलं आणि म्हणाले पोराचं दूध सुटू दे, हिमोग्लोबिन ९.८ आहे ते १२ च्या वर आणा, मग बोलू. मला त्यांचा भरवसा वाटला कारण त्यांनी आत्ता करू नका असं म्हटलं.

नारायणबाग ताई, काकूंना काढून बघितलं. कातडी आणि कंबर उरलीच, म्हणजे मला हे माझ्यासाठी हवंय.

रात्रीचं पाजणं कमी करतेय, तो रडतो, मीही रडते, हे त्याला घेऊन गच्चीवर फेऱ्या मारतात. फिजिओ ताईंचे ४ प्रकार रोज चालू आहेत, कंबर जराशी हलकी वाटतेय. सासूबाईंना पोट बांधण्याचं सांगितलं तर त्या गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, मी बांधलं होतं घट्ट, माझंही सुटलंच की. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःहून विचारलं किती दिवस घर बघावं लागेल. पुढच्या वर्षी दिवाळी झाल्यावर करायचं धरलंय, तोवर धाकटा तीन वर्षांचा होईल. मुंबईची बहीण एक महिना इकडे येणार, नंतरचे दोन आठवडे हे सुट्टी टाकणार.

वहिनी, एकच विचारायचंय, तुमच्या धाकटीला ते न उचलणं तुम्ही कसं जमवलं? माझा दिवसातून वीस वेळा हात वर करतो.

स्नेहलतागंज_वहिनी

अगं पाट. देवघरातला जुना पाट होता तो पलंगाच्या पायथ्याशी ठेवला, तिला शिकवलं की आधी पाटावर, मग पलंगावर, मग माझ्या डाव्या बाजूला, मधे उशी. पहिले आठ दिवस ती हात वर करूनच उभी राहायची, मग आई तिला पाटापर्यंत न्यायची आणि मी गादीवर थाप मारायचे, ये गं इकडे. पंधरा दिवसांनी आपली आपण यायला लागली. तू ऑपरेशनच्या दोन महिने आधीपासून सुरू कर, तुझ्या पोटाला टाके नसताना, म्हणजे त्याला खेळ वाटेल. आणि पाट भिंतीला टेकवून ठेव हं, नाहीतर फरशीवर सरकतो.